६५ मिलिमीटरचा हिशोब: पर्जन्यमापकापासून ओपन-सोर्स लॉगरपर्यंत

मराठवाड्यातल्या शेतकऱ्याला ६५ हा आकडा पाठ असतो. २४ तासांत एखाद्या महसूल मंडळात ६५ मिलिमीटरपेक्षा जास्त पाऊस नोंदला गेला, की त्या मंडळात 'अतिवृष्टी' झाली असं धरलं जातं. मग पंचनामे होतात, पिकाचं नुकसान ३३ टक्क्यांच्या वर दिसलं तर मदतीचा विषय पुढे सरकतो. आकडा ६४ वर थांबला, तर पाणी वावरात गुडघाभर साचलेलं असलं तरी गाडी तिथेच अडते.

म्हणजे पाऊस किती पडला हा प्रश्न आपल्याकडे फक्त हवामानशास्त्राचा नाही. तो तहसील कचेरीचा आहे, पीक विम्याचा आहे, घरातल्या लग्नाच्या तारखेचासुद्धा आहे. आणि हा आकडा येतो एका यंत्रातून. आज ते यंत्र बहुतेक वेळा एका खांबावर बसवलेला, कुलूप लावलेला डबा असतो.

संशोधनाकडे वळणाऱ्या विद्यार्थ्यांसाठी आजचा लेख या डब्याबद्दल आहे. 'ओपन-सोर्स हार्डवेअर' म्हटलं की आपल्या डोळ्यांपुढे अर्डुइनो, ब्रेडबोर्ड आणि रंगीत वायरी येतात. पण त्याचा इतिहास अर्डुइनोपासून सुरू करायचा म्हणजे कादंबरी मधल्या पानापासून वाचण्यासारखं आहे. माझं म्हणणं असं: पाऊस मोजायचं साधन मुळात उघडंच होतं. ते बंद झालं अलीकडे, इलेक्ट्रॉनिक्स आल्यावर. आणि गेल्या २० वर्षांत ते पुन्हा उघडण्याचा खटाटोप चालू आहे. हे नीट समजलं, तर तुमच्या प्रबंधात लॉगर वापरताना कोणता प्रश्न विचारायचा हेही समजेल.

अश्मकाचा पाऊस

कौटिल्याच्या अर्थशास्त्रात पर्जन्यमापकाचा उल्लेख आहे. कोठारात एक अरत्नी, म्हणजे साधारण हातभर तोंडाचं कुंड पाऊस मोजण्यासाठी ठेवावं, अशी सूचना तिथे आहे. पुढे शेतीखात्याच्या अधिकाऱ्याच्या, म्हणजे सीताध्यक्षाच्या प्रकरणात वेगवेगळ्या प्रदेशांत किती पाऊस पडतो याची यादी दिली आहे. मोजमापाचं एकक द्रोण. कोरड्या प्रदेशात १६ द्रोण, पाणथळ प्रदेशात त्याच्या दीडपट, अवंतीत २३, आणि अपरांतात म्हणजे कोकणाच्या बाजूला अमाप. या यादीत अश्मकही आहे, आणि त्याचा आकडा १३ द्रोणांच्या आसपास, म्हणजे नाव घेतलेल्या प्रदेशांत सगळ्यात कमी.

हे अश्मक कुठे? गोदावरीच्या खोऱ्यात. त्याची राजधानी पोतन म्हणजे आजचं बोधन असं बहुतेक अभ्यासक मानतात. बोधन तेलंगणात आहे, पण नांदेडहून फार लांब नाही. म्हणजे आपल्या भागाचा पाऊस कमी आहे, ही गोष्ट दोन हजार वर्षांपूर्वीच्या राज्यकारभाराच्या ग्रंथात आकड्यासह लिहिलेली आहे.

मला इथे आकड्यापेक्षा कुंडाचं तोंड महत्त्वाचं वाटतं. तोंडाचं माप ठरवून दिलं, की कुठल्याही गावचा कुंभार तसंच कुंड करू शकतो, आणि दोन ठिकाणचे आकडे एकमेकांशी ताडून बघता येतात. कोरियात १४४२ मध्ये राजा सेजोंगच्या काळात हेच झालं. ठरलेल्या मापाची पर्जन्यमापकं प्रांतोप्रांती पाठवली गेली आणि नोंदी राजधानीत मागवल्या गेल्या. साधन एकसारखं आणि त्याचं माप सगळ्यांना माहीत, या पायावर पुढचं सगळं मोजमाप उभं आहे.

सायमन्सचा डबा

आपण ज्याला 'सायमन्सचं पर्जन्यमापक' म्हणतो, ते जॉर्ज जेम्स सायमन्स या इंग्रज माणसाच्या नावावरून. त्याने १८६० मध्ये इंग्लंडमधल्या १६८ ठिकाणांच्या पावसाच्या नोंदी गोळा करून छापल्या. १९०० मध्ये तो वारला तेव्हा ही संख्या ३ हजारांच्या वर गेली होती. नोंदी घेणारे बहुतेक सगळे हौशी होते: पाद्री, डॉक्टर, जमीनदार, शाळामास्तर. आज ज्याला आपण 'सिटिझन सायन्स' म्हणतो, ते हेच.

भारतात १८६४ चं कलकत्त्याचं चक्रीवादळ आणि १८६६ व १८७१ मधली पावसाची ओढ यांनंतर १८७५ मध्ये भारतीय हवामान खातं सुरू झालं. हेन्री ब्लॅनफर्ड हा पहिला प्रमुख. त्याच्यापुढचा मोठा प्रश्न होता, देशभरातली उपकरणं आणि नोंदीची पद्धत एकसारखी कशी करायची. पावसासाठी सायमन्सचा नमुना रूढ झाला आणि तहसील कचेऱ्यांच्या आवारात तो ठाण मांडून बसला.

हा डबा बघितला नसेल तर एकदा जरूर बघा. १२७ मिलिमीटर व्यासाचं धारदार काठाचं नरसाळं, खाली बाटली, तोंड जमिनीपासून ३० सेंटिमीटरवर. रोज सकाळी साडेआठला बाटलीतलं पाणी काचेच्या मोजपात्रात ओतायचं आणि वहीत लिहायचं. झालं.

यातली गंमत हिशोबात आहे. १२७ मिलिमीटर व्यासाच्या वर्तुळाचं क्षेत्रफळ १२६.७ चौरस सेंटिमीटर येतं. म्हणून १ मिलिमीटर पाऊस म्हणजे १२.६७ मिलिलिटर पाणी. ६५ मिलिमीटर म्हणजे सुमारे ८२३ मिलिलिटर. मोजपात्र फुटलं तरी दवाखान्यातली सिरिंज घेऊन दहावीचा पोरगा हा आकडा तपासू शकतो. यंत्राचं 'सोर्स' उघड्यावर आहे, त्यात लपवण्यासारखं काही नाही. शंका आली तर शेजारी तसाच दुसरा डबा ठेवा आणि दोन्ही ताडून बघा.

त्याच्या मर्यादाही सरळ दिसतात. तो दिवसाचा एकच आकडा देतो. पाऊस रात्रभर रिमझिम पडला की पाऊण तासात बदाबदा कोसळला, हे त्याला सांगता येत नाही. मातीची धूप, नाल्याचा पूर, पिकाचं सडणं यांचा अभ्यास करणाऱ्याला तर नेमकं तेच हवं असतं. आणि सकाळी साडेआठला कुणी गेलंच नाही, तर वहीत काय लिहिलं जातं, हे वेगळं सांगायला नको.

पुण्यातले शंभर आराखडे

१९२८ मध्ये हवामान खात्याचं मुख्यालय सिमल्याहून पुण्याला आलं. या इतिहासातला महाराष्ट्रातला सगळ्यात मोठा अध्याय तिथेच घडला, आणि त्याचं श्रेय ॲना मणी यांना आहे.

१९१८ साली त्रावणकोरमधल्या पीरमेड इथे जन्मलेल्या ॲना मणी यांनी बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेत सी. व्ही. रामन यांच्याकडे हिरा आणि माणिक यांच्या प्रकाशगुणांवर काम केलं. प्रबंध तयार होता, पण त्यांच्याकडे एम.एस्सी. पदवी नाही म्हणून मद्रास विद्यापीठाने पीएच.डी. दिली नाही. १९४५ मध्ये शिष्यवृत्तीवर त्या लंडनला गेल्या आणि तिथे हवामान उपकरणांचं शिक्षण घेतलं. १९४८ मध्ये परतल्या आणि पुण्याच्या हवामान खात्यात उपकरण विभागात रुजू झाल्या.

तोपर्यंत साध्या उपकरणांसाठीही आपण बाहेरच्यावर अवलंबून होतो. मणी यांनी सुमारे १०० हवामान उपकरणांचे आराखडे प्रमाणित केले आणि त्यांचं उत्पादन देशात सुरू करून दिलं. १९५३ मध्ये त्या विभागप्रमुख झाल्या, तेव्हा त्यांच्या हाताखाली १२१ पुरुष काम करत होते. १९५७-५८ च्या आंतरराष्ट्रीय भूभौतिक वर्षात सौरप्रारण मोजणाऱ्या केंद्रांचं जाळं त्यांनी उभं केलं. मोजमाप चुकीचं असण्यापेक्षा ते नसलेलं बरं, अशा कडक शिस्तीसाठी त्या ओळखल्या जात.

याला 'ओपन-सोर्स' म्हणता येईल का? आजच्या व्याख्येने नाही. परवाना वगैरे भानगड तेव्हा नव्हती आणि आराखडे सर्वसामान्यांसाठी प्रसिद्ध केलेले नव्हते. पण तत्त्वाचा मोठा भाग तिथे आहे: उपकरणाचं ज्ञान एका कारखानदाराच्या कपाटात न राहता प्रमाणित चित्राच्या रूपात असावं, म्हणजे एकापेक्षा जास्त जणांना ते बनवता, दुरुस्त करता आणि तपासता येईल. पुढे पर्जन्यमापकासाठी भारतीय मानकंही आली. त्यांत मापं, जाडी, काठाची धार, बसवण्याची जागा सगळं लिहिलेलं असतं. प्लास्टिकच्या नव्या मापकांमध्ये नरसाळ्याचं क्षेत्रफळ १०० किंवा २०० चौरस सेंटिमीटर असं सोपं धरलं गेलं. २०० चं नरसाळं असेल तर १ मिलिमीटरला २० मिलिलिटर. हिशोब अजूनही बोटांवर होतो.

डबा बंद कसा झाला

स्वयंचलित पर्जन्यमापक ही कल्पनाही जुनीच. १६६० च्या दशकात लंडनमध्ये ख्रिस्टोफर रेन यांनी 'हवामान-घड्याळ' मांडलं आणि पुढे रॉबर्ट हूक यांनी ते पूर्णत्वाला नेलं. कागदाच्या पट्टीवर आपोआप भोकं पाडून नोंद ठेवणारं ते यंत्र होतं, आणि पाऊस मोजायला त्यात उलटणारं पात्र वापरलेलं होतं. आजचं 'टिपिंग बकेट' त्याचंच वंशज. नरसाळ्याखाली झोपाळ्यासारखी दोन छोटी पात्रं असतात. एक भरलं की उलटतं आणि दुसरं नरसाळ्याखाली येतं. प्रत्येक उलटण्याला एक चुंबक रीड स्विचसमोरून जातो आणि एक ठोका मोजला जातो. २०० चौरस सेंटिमीटरच्या नरसाळ्यात ०.२ मिलिमीटरचा एक ठोका म्हणजे ४ मिलिलिटर पाणी.

विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात मायक्रोप्रोसेसर आला आणि हे ठोके साठवणारे डेटा लॉगर बाजारात आले. अमेरिकेतल्या युटा राज्यात १९७४ मध्ये सुरू झालेल्या कॅम्पबेल सायंटिफिकसारख्या कंपन्यांनी ऊन, पाऊस, बर्फ सोसणारे लॉगर बनवले आणि जगभरच्या संशोधकांनी ते वापरले. ही यंत्रं चांगली आहेत, यात वाद नाही. पण या वर्गातल्या अनेक यंत्रांबरोबर तीन गोष्टी आल्या. किंमत, जी आपल्याकडच्या एका संशोधक विद्यार्थ्याच्या आवाक्याबाहेर असते. स्वतःचा फाइल-प्रकार, जो त्याच कंपनीच्या सॉफ्टवेअरने उघडतो. आणि आतलं गणित, जे आपल्याला दिसत नाही. ठोका मोजला, गाळला, दुरुस्त केला की तसाच पुढे पाठवला, हे माहितीपत्रकावर विश्वास ठेवूनच मानायचं.

म्हणजे सायमन्सच्या डब्याने सांगितलेला आकडा तपासायला मोजपात्र पुरत होतं. या नव्या डब्याचा आकडा तपासायला त्याच्याइतकाच महागडा दुसरा डबा लागतो. मोजमाप सुधारलं, पण ते तपासण्याची ताकद वापरणाऱ्याच्या हातातून गेली. कुणी मुद्दाम केलं असं नाही. तंत्रज्ञानाची चालच तशी होती.

पाबळची प्रयोगशाळा

डबा पुन्हा उघडण्याचा महाराष्ट्रातला धागा पुणे जिल्ह्यातल्या शिरूर तालुक्यातल्या पाबळ गावात सापडतो. डॉ. श्रीनाथ कलबाग यांनी हिंदुस्तान लिव्हरच्या संशोधन केंद्रातली नोकरी सोडली आणि १९८३ मध्ये या अवर्षणग्रस्त गावात विज्ञान आश्रम सुरू केला. शाळा सोडलेल्या पोरांनी हाताने काम करत विज्ञान शिकावं, हा त्यांचा आग्रह. वेल्डिंग, सुतारकाम, शेती यांच्या जोडीला इलेक्ट्रॉनिक्सही आलं. जमिनीची विद्युत-रोधकता मोजून भूजलाचा अंदाज घेणारं उपकरण तिथे तयार झालं, आणि ते वापरायला गावातली मुलं शिकली. दुष्काळी भागात विहीर कुठे खोदायची हा लाखमोलाचा प्रश्न, आणि त्याचं मोजयंत्र गावच्या पोरांच्या हातात.

२००२ च्या सुमारास अमेरिकेतल्या एमआयटीचे नील गर्शेनफेल्ड यांच्याशी पाबळचं नातं जुळलं. एमआयटीबाहेर उभ्या राहिलेल्या अगदी पहिल्या फॅब लॅबपैकी एक पाबळला आली. तिथल्या कामात दुधाची प्रत तपासणं, जुन्या डिझेल इंजिनाचं टायमिंग जुळवणं असे प्रश्न होते. हे सगळे मोजमापाचेच प्रश्न आहेत: बाजारात मिळणारं यंत्र महाग किंवा गैरसोयीचं, म्हणून आपल्या गरजेचं आपण घडवायचं. डॉ. कलबाग २००३ मध्ये गेले. 'मेकर' हा शब्द आपल्याकडे फॅशनमध्ये यायच्या आधीच त्यांनी तो जगून दाखवला होता.

इव्रिया, फुकुशिमा आणि युकातानच्या गुहा

आता येतो अर्डुइनो. इटलीतल्या इव्रिया गावात इंटरॅक्शन डिझाइनची एक संस्था होती. तिथे कोलंबियाचा हर्नांदो बरागान हा विद्यार्थी मास्टर्सच्या प्रबंधासाठी 'वायरिंग' नावाची पाटी आणि सॉफ्टवेअर तयार करत होता. इलेक्ट्रॉनिक्स न शिकलेल्या कलाकारांनाही मायक्रोकंट्रोलर वापरता यावा, हा हेतू. २००५ मध्ये त्याच संस्थेत मासिमो बान्झी आणि सहकाऱ्यांनी वायरिंगच्या सॉफ्टवेअरचा आधार घेऊन जास्त स्वस्त पाटी केली. ती अर्डुइनो. आराखडा आणि कोड दोन्ही खुले. नाव इव्रियातल्या एका बारवरून, आणि बारचं नाव तिथल्या जुन्या राजावरून. बरागानने २०१६ मध्ये आपली बाजू सविस्तर लिहिली. प्रबंधात केलेल्या कामाचं श्रेय कुठपर्यंत जातं आणि कुठे गळतं, यासाठी तरी प्रत्येक संशोधक विद्यार्थ्याने ती गोष्ट माहीत करून घ्यावी. 'खुलं' म्हणजे 'निनावी' नव्हे.

पुढची काही वर्षं व्याख्या ठरवण्यात गेली. २०१० मध्ये न्यूयॉर्कला ओपन हार्डवेअर समिट झाली, २०११ मध्ये ओपन-सोर्स हार्डवेअरच्या व्याख्येची पहिली आवृत्ती आली, आणि त्याच वर्षी युरोपातल्या सर्न या संशोधन संस्थेने हार्डवेअरसाठी स्वतःचा खुला परवाना काढला. व्याख्येचा गाभा साधा आहे: आराखडा असा प्रसिद्ध करा, की कुणालाही तो अभ्यासता, बदलता, वाटता येईल, आणि त्यावरून वस्तू बनवता व विकताही येईल. म्हणून फक्त फोटो आणि यूट्यूबचा व्हिडिओ टाकला की हार्डवेअर 'ओपन' होत नाही. सर्किटचं चित्र, पाटीची मूळ फाइल, सुट्या भागांची यादी, आतला कोड आणि परवाना, हे सगळं लागतं.

त्याच २०११ च्या मार्चमध्ये जपानला भूकंप आणि त्सुनामीचा तडाखा बसला आणि फुकुशिमाच्या अणुभट्ट्या बिघडल्या. आपल्या गल्लीत किरणोत्सार किती आहे, याचं उत्तर लोकांना सहज मिळेना. तेव्हा सेफकास्ट हा स्वयंसेवकांचा गट उभा राहिला. गायगर काउंटर, जीपीएस आणि मेमरी कार्ड एका डब्यात घालून त्यांनी ते गाड्यांवर लावले आणि दर ५ सेकंदांनी नोंद घेत रस्त्यामागून रस्ते पालथे घातले. पुढचं उपकरण अर्डुइनोवर बांधलेलं आणि लोकांनी स्वतः जोडायचं. सगळे आकडे सार्वजनिक. अधिकृत आकडा खरा आहे का, हा प्रश्न घोषणा देऊन सुटत नाही. शेजारी दुसरं मोजमाप ठेवूनच सुटतो, हे त्यातून जगाला दिसलं.

तिसरं उदाहरण संशोधकांचं. एडवर्ड मॅलन आणि पॅट्रिशिया बेडोज मेक्सिकोतल्या युकातानच्या पाण्याखालच्या गुहांमध्ये प्रवाह आणि तापमान मोजतात. वर्षभर गुहेत राहील असा लॉगर त्यांना हवा होता, आणि तो हरवला तरी जीव जळू नये. त्यांनी छोट्या अर्डुइनो पाट्या, मेमरी कार्ड आणि नळकामाचे पीव्हीसी पाइप वापरून 'केव्ह पर्ल' लॉगर केला, आणि २०१८ मध्ये त्यावर शोधनिबंध प्रसिद्ध केला. युक्ती सगळी झोपेत आहे: दोन नोंदींच्या मधल्या वेळात यंत्र झोपतं. २००० मिलिअँपिअर-तासांची बॅटरी असेल आणि सरासरी प्रवाह ०.२५ मिलिअँपिअरवर ठेवला, तर ८००० तास, म्हणजे ३३३ दिवस निघतात. आपल्याकडे लोडशेडिंगची सवय असल्याने हे गणित आपल्याला लगेच पटतं.

हार्डवेअर हा शास्त्रीय प्रकाशनाचा विषय होऊ शकतो, हेही याच काळात मान्य झालं. २०१७ मध्ये 'हार्डवेअरएक्स' आणि 'जर्नल ऑफ ओपन हार्डवेअर' ही नियतकालिकं त्यासाठीच सुरू झाली.

पुन्हा माहूरला

महाराष्ट्र सरकारने २०१७ मध्ये स्कायमेट कंपनीबरोबर 'महावेध' प्रकल्प सुरू केला. महसूल मंडळागणिक एक, अशी दोन हजारांवर स्वयंचलित हवामान केंद्रं उभी राहिली. दर १० मिनिटांनी पाऊस, तापमान, आर्द्रता, वारा यांची नोंद. मोठं काम आहे हे. सपाट प्रदेशात ५२० चौरस किलोमीटरला एक पर्जन्यमापक, असा भारतीय मानकाचा जुना दंडक आहे. महावेधचं जाळं त्याहून कितीतरी दाट आहे.

तरीसुद्धा माहूर तालुका डोळ्यांपुढे आणा. रेणुकामातेचा आणि दत्तशिखराचा डोंगर, मधे दऱ्या आणि जंगल, खाली पैनगंगेचं खोरं, नदीपलीकडे यवतमाळ जिल्हा. जून आणि सप्टेंबरमधला वळवासारखा, ढग दाटून येणारा पाऊस गडावर कोसळतो आणि खालच्या कापसाच्या वावरात धूळ तशीच राहते. कधी याच्या उलट. एका मंडळात अनेक गावं, आणि यंत्राचं नरसाळं ताटाएवढंही नाही. त्या तोंडात पडलेलं पाणी सगळ्या गावांचा पाऊस ठरतं.

आता टिपिंग बकेटची एक गोष्ट लक्षात घ्या. जोरदार पावसात पात्र उलटत असताना वरून पडणारं पाणी मोजलं जात नाही. त्यामुळे धार जितकी मोठी, तितकं मोजमाप कमी. चांगल्या यंत्रात यासाठी दुरुस्ती केलेली असते. समजा ती नाही, आणि यंत्र ५ टक्के कमी मोजतं. प्रत्यक्ष पाऊस ६८ मिलिमीटर, म्हणजे ०.२ चे ३४० ठोके. त्यातले १७ हुकले. नोंद होते ६४.६. अतिवृष्टी नाही! उपकरणशास्त्रात ५ टक्के म्हणजे किरकोळ गोष्ट. शेतकऱ्याच्या सातबाऱ्यावर ती किरकोळ नाही.

इथे ओपन लॉगरचं खरं काम आहे. महावेधला पर्याय म्हणून नव्हे. सरकारी मदतीसाठी तुमच्या अर्डुइनोचा आकडा कुणी धरणार नाही, आणि धरूही नये. पण एका मंडळात दहा ठिकाणी, वाडीवर, शाळेच्या आवारात, आश्रमशाळेच्या गच्चीवर स्वस्त लॉगर बसले, तर मंडळाच्या आत पाऊस किती बदलतो हे पहिल्यांदा आकड्यात सांगता येईल. 'आमच्याकडे जास्त पडला होता साहेब' या वाक्यामागे मग वेळेसह नोंद असेल. धोरण बदलायचं तर असाच पुरावा लागतो.

संशोधन करणाऱ्यांसाठी चार गोष्टी

पहिली: खुलं आणि अचूक हे दोन वेगळे गुण आहेत. अर्डुइनो उनोचा अंकरूपक १० बिटांचा आहे, म्हणजे ५ व्होल्टचे १०२४ भाग. एक पायरी ४.९ मिलिव्होल्टची. एलएम-३५ हा तापमान संवेदक अंशाला १० मिलिव्होल्ट देतो, म्हणजे तुम्हाला दिसणारी सगळ्यात छोटी पायरी जवळपास अर्धा अंश आहे. तरी स्क्रीनवर दोन दशांश स्थळं येतात आणि काही जण ती प्रबंधात छापतात. परीक्षकाने विचारलं तर उत्तर काय द्याल?

दुसरी: घड्याळ. साध्या पाटीला तारीख-वेळ कळत नाही. डीएस-३२३१ सारखी घड्याळाची चिप लावा. तिची चूक दहा लाखांत दोन भाग, म्हणजे वर्षाला साधारण एक मिनिट. दोन गावांतल्या पावसाची वेळ ताडून बघायची असेल तर हे टाळता येत नाही.

तिसरी: शेजारी सायमन्स ठेवा. निदान एक पूर्ण पावसाळा तुमचा लॉगर प्रमाणित मापकाच्या बाजूला चालला पाहिजे. दोन्ही आकड्यांमधला फरक आणि तो पावसाच्या जोराबरोबर कसा बदलतो, हेच तुमचं पहिलं संशोधन. 'मी लॉगर बनवला' हा प्रबंधाचा विषय होत नाही. 'हा लॉगर किती आणि कधी चुकतो' हा होतो.

चौथी: वही. सर्किट, कोड, सुट्या भागांची यादी, बसवल्याची तारीख, नरसाळ्यात पान अडकलं होतं ती तारीख, सगळं लिहा आणि आकड्यांबरोबर प्रसिद्ध करा. ॲना मणी यांच्या आराखड्यांचं मोल याच शिस्तीत होतं.

सुरुवात करायची असेल तर जूनच्या आधी एक संध्याकाळ काढा. २०० चौरस सेंटिमीटरच्या नरसाळ्याचं टिपिंग बकेट घ्या, मेडिकलमधून ५ मिलिलिटरची सिरिंज आणा. हळूहळू, थेंब थेंब पाणी सोडा आणि दर ४ मिलिलिटरला एक ठोका पडतो का बघा. मग तेच पाणी भराभर ओता आणि पुन्हा मोजा. दोन आकड्यांमध्ये जो फरक पडेल तो वहीच्या पहिल्या पानावर तारखेसह लिहून ठेवा.